कौल आणि कायदा : अमेरिकेतील देहदंडविरोधी चळवळ व जनमत चाचण्या

देहदंड रद्द करणाऱ्या युरोपीय देशांपैकी बहुतेकांनी तो निर्णय लोकांचा कौल घेऊन केलेला नाही. ब्रिटनच्या पार्लमेंटने १९६५ मध्ये खुनासाठीची फाशी थांबवली तेव्हा, आणि फ्रान्सचे न्यायमंत्री रोबेर बादँतेर यांनी सप्टेंबर १९८१ मध्ये गिलोटिन कायमचे बंद करणारे विधेयक मंजूर करून घेतले तेव्हा, दोन्ही देशांतील बहुसंख्य लोक ही शिक्षा राहावी याच मताचे होते. फ्रान्समध्ये तर विधेयकावर चर्चा चालू असतानाच्या सुमारास ‘ल फिगारो’ या दैनिकाने छापलेल्या चाचणीत ६२ टक्के लोक देहदंडाच्या बाजूचे निघाले होते. तेथील सुधारकांनी हे आकडे वाचले, मान्य केले आणि बाजूला ठेवले. अमेरिकेतील सुधारकांना ही मोकळीक नव्हती. तेथे फौजदारी कायदा हा प्रत्येक राज्याचा विषय, अनेक राज्यांत मतदारांना सार्वमताने थेट कायदा करण्याचा अधिकार, आणि या सर्वांवर राज्यघटनेच्या आठव्या दुरुस्तीची ‘क्रूर आणि असाधारण’ शिक्षांना केलेली मनाई. या मनाईचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये ‘ट्रॉप विरुद्ध डलेस’ या खटल्यात असे ठरवले की, क्रौर्याची कसोटी अठराव्या शतकात गोठलेली नसून, प्रगल्भ होत जाणाऱ्या समाजाच्या सभ्यतेच्या बदलत्या मापदंडांवरून ती ठरते. तो खटला फाशीचा नव्हता, सैन्यातून पळालेल्या शिपायाचे नागरिकत्व काढून घेण्याचा होता. पण त्यातील या सूत्रामुळे देहदंडविरोधकांपुढे एक नवेच काम येऊन पडले. शिक्षा अन्याय्य आहे एवढे सांगून भागणार नव्हते, समाजाचे मन तिच्यापासून दूर गेले आहे हेही दाखवावे लागणार होते, आणि समाजाचे मन मोजल्याचा दावा करणारे एकच साधन त्या काळी हाताशी होते.

ते साधन तेव्हा फार जुने नव्हते. जॉर्ज गॅलप यांनी १९३५ मध्ये ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक ओपिनियन’ ही संस्था काढली आणि पुढच्याच वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीने तिला नाव मिळवून दिले. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या, त्यांपैकी तेवीस लाखांहून अधिक परत आल्या, आणि त्यांच्या आधारे वर्तवलेला रिपब्लिकन उमेदवार लँडन यांचा विजय रूझवेल्ट यांनी साफ खोटा ठरवला. गॅलप यांनी त्या मानाने फारच थोड्या माणसांना विचारले होते, पण वय, लिंग, उत्पन्न आणि प्रदेश यांचे प्रमाण सांभाळून ती निवडली होती, त्यामुळे विजेता कोण हे त्यांनी बरोबर सांगितले. माणसे किती विचारली यापेक्षा कोणती विचारली हे महत्त्वाचे, हा नमुना पाहणीचा पहिला धडा लोकांना मिळाला तो असा. प्रश्न कोणता विचारला हा दुसरा धडा शिकायला मात्र आणखी अर्धशतक जावे लागले, आणि तो शिकवण्यात देहदंडाच्या वादाचा वाटा लहान नाही.

त्याच १९३६ साली गॅलप यांनी खुनासाठी देहदंड असावा की नसावा असे प्रथमच विचारले आणि शंभरांतील सुमारे साठ जणांनी होकार दिला. आदल्या वर्षी, १९३५ मध्ये, अमेरिकेत १९९ जणांना देहदंड दिला गेला होता. विसाव्या शतकातील कोणत्याही एका वर्षातील तो सर्वांत मोठा आकडा आहे. १९५३ मध्ये शिक्षेचा पाठिंबा ६८ टक्क्यांपर्यंत चढला. त्यानंतर मात्र तो उतरू लागला. कॅलिफोर्नियात कॅरिल चेसमन हा कैदी बारा वर्षे स्वतःच्या शिक्षेविरुद्ध लढत, तुरुंगातून पुस्तके लिहीत राहिला आणि १९६० मध्ये जगभरच्या निषेधाला न जुमानता त्याला विषारी वायूच्या कोठडीत मारण्यात आले, तेव्हा या प्रश्नाला वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर जागा मिळाली. १९६४ मध्ये ओरेगन राज्याच्या मतदारांनी सार्वमताने देहदंड काढून टाकला. मे १९६६ मध्ये गॅलप यांच्या चाचणीत ४२ टक्के लोक देहदंडाच्या बाजूने आणि ४७ टक्के विरुद्ध निघाले. विरोधकांची संख्या समर्थकांहून अधिक भरल्याचे गॅलप यांच्या मालिकेतील हे एकमेव उदाहरण आहे, कारण वर्षभरातच समर्थन पुन्हा पन्नास टक्क्यांच्या वर गेले. चळवळीने पुढची काही वर्षे या एका क्षणाच्या भरवशावर काढली, आणि त्याबद्दल तिला दोष देणेही कठीण आहे, कारण उतरती रेघ पाहणाऱ्याला ती तळाला टेकली आहे हे त्या वेळी कळत नाही.

न्यायालयीन लढ्याची सूत्रे ‘एनएएसीपी लीगल डिफेन्स फंड’ या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या वकिलांच्या संस्थेकडे होती. थर्गुड मार्शल यांनी उभारलेल्या या संस्थेत आता जॅक ग्रीनबर्ग, मायकल मेल्ट्सनर आणि अँथनी ॲम्स्टरडॅम हे वकील होते, आणि देशातील प्रत्येक फाशी कोणत्या ना कोणत्या घटनात्मक मुद्द्यावर अडवून धरायची हे त्यांचे धोरण होते. जून १९६७ नंतर जवळजवळ दहा वर्षे अमेरिकेत एकही देहदंड अमलात आला नाही तो मुख्यतः यामुळे. गॅलप यांचा ४२ विरुद्ध ४७ हा आकडा न्यायालयाच्या निकालात उतरला तोही याच काळात. १९६८ च्या ‘विदरस्पून विरुद्ध इलिनॉय’ या खटल्यात प्रश्न ज्यूरीचा होता. अमेरिकेत आरोपी दोषी आहे की नाही हे सामान्य नागरिकांतून निवडलेले बारा पंच ठरवतात, आणि इलिनॉयमध्ये शिक्षाही तेच ठरवत. ज्याच्या मनात देहदंडाविषयी नैतिक शंका आहे अशा कोणालाही पंच म्हणून नाकारण्याची मुभा तेथील कायदा सरकारी वकिलाला देत होता. या खटल्यात अशी ४७ माणसे वगळली गेली होती, त्यांपैकी कोणत्याही परिस्थितीत देहदंड देणार नाही असे स्पष्ट म्हणणारी जेमतेम पाच होती. न्यायमूर्ती पॉटर स्ट्युअर्ट यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालाचा आशय असा की, ज्या देशातील निम्म्याहून कमी लोकांचा या शिक्षेवर विश्वास आहे, तेथे केवळ विश्वास असणाऱ्यांचीच ज्यूरी समाजाच्या वतीने बोलू शकत नाही. आणि ‘निम्म्याहून कमी’ या शब्दांना आधार म्हणून तळटीपेत १९६६ च्या चाचणीचे आकडे दिले होते. निकाल जून १९६८ मध्ये लागला तोवर ते शिळे झाले होते.

त्याच निकालाने चळवळीला एक चपराकही दिली. देहदंडावर विश्वास असणारे पंच आरोपीला दोषी ठरवण्याकडेच अधिक झुकतात, असे दाखवणारी काही अभ्यासांची सामग्री वकिलांनी पुढे ठेवली होती, ती न्यायालयाने अपुरी व विखुरलेली म्हणून बाजूला सारली. म्हणून १९७१ मध्ये लीगल डिफेन्स फंडाने लुई हॅरिस यांच्या संस्थेकडून दोन हजारांहून अधिक प्रौढांची देशव्यापी पाहणी करून घेतली. तोवर सुधारक दुसऱ्यांनी घेतलेल्या चाचण्या वाचून त्यांचा उपयोग करत. येथे प्रथमच चळवळीने प्रश्न स्वतः ठरवला आणि चाचणी पुराव्यासाठी मागवली. ज्यूरीच्या प्रश्नावर या पाहणीने व नंतरच्या फीबी एल्सवर्थ यांच्या प्रयोगांनी बरीच मजबूत सामग्री उभी केली, पण १९८६ मध्ये ‘लॉकहार्ट विरुद्ध मॅक्री’ खटल्यात न्यायमूर्ती विल्यम रेनक्विस्ट यांनी तिच्यातील उणिवा एकेक करून दाखवल्या आणि वर असेही म्हटले की, अभ्यास निर्दोष मानले तरी घटनात्मक उत्तर बदलत नाही. चाचण्यांची चिकित्सा करण्याची रेनक्विस्ट यांची ही सवय पुढे पुन्हा दिसते.

मूळ प्रश्नावर, म्हणजे देहदंड हाच घटनाबाह्य आहे का या प्रश्नावर, ॲम्स्टरडॅम यांनी आकड्यांवर विसंबून राहण्याचे टाळले, आणि त्यांची हुशारी येथेच दिसते. लोक तत्त्वतः या शिक्षेला होकार देतात हे मान्य करून त्यांनी असा युक्तिवाद मांडला की, कायद्याच्या पुस्तकात शिक्षा असू देणे वेगळे आणि ती प्रत्यक्षात, सर्वांना सारखी, नियमितपणे दिलेली पाहणे वेगळे. ही शिक्षा समाज सहन करतो याचे कारण ती क्वचितच, आणि तीही गरीब, कृष्णवर्णीय व आप्तमित्रहीन माणसांच्याच वाट्याला येते. ती सर्वांना सारख्या प्रमाणात लागू झाली तर हाच समाज ती एक दिवस चालू देणार नाही. जून १९७२ मध्ये ‘फर्मन विरुद्ध जॉर्जिया’ खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी त्या वेळचे देहदंडाचे कायदे कोसळले. नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी स्वतंत्र निकालपत्रे लिहिली. त्यांतले मार्शल यांचे निकालपत्र जनमताच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. लीगल डिफेन्स फंडाचे हे संस्थापक आता न्यायासनावर होते, आणि त्यांनी असे लिहिले की, चाचण्यांतील होकाराला फारसे मोल देता येणार नाही, कारण उत्तर देणाऱ्याला शिक्षेविषयी काहीच ठाऊक नसते. जन्मठेपेपेक्षा तिची जरब अधिक असल्याचा पुरावा नाही, ती पक्षपाताने दिली जाते, निरपराध माणसेही तिला बळी पडतात, हे सगळे ज्याला नीट कळले आहे तो सर्वसाधारण नागरिक तिला धक्कादायक आणि अन्याय्यच मानील. तीच शिक्षा कोणाला केवळ सूड म्हणून हवी असेल तर मात्र माहितीचा त्याच्यावर परिणाम होणार नाही, असेही त्यांनी मोकळेपणाने म्हटले. अभ्यासकांनी पुढे या विधानाला ‘मार्शल गृहीतक’ असे नाव दिले. त्याच खटल्यात विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांचे म्हणणे होते की, जनमताची ही भरती-ओहोटी मोजत बसणे न्यायालयीन कामाच्या कडेला आहे, केंद्रस्थानी नाही.

भरती लगेच आली. मार्च १९७२ मध्ये गॅलप चाचणीत ५० टक्के असलेले समर्थन नोव्हेंबरपर्यंत ५७ टक्क्यांवर गेले. त्याच नोव्हेंबरात कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवलेला देहदंड, सुमारे दोन तृतीयांश मतांनी परत आणला. पुढच्या चार वर्षांत ३५ राज्यांनी नवे कायदे केले. जुलै १९७६ मध्ये ‘ग्रेग विरुद्ध जॉर्जिया’ खटल्यात न्यायालयाने त्यांपैकी जॉर्जियाचा कायदा सात विरुद्ध दोन मतांनी उचलून धरला, तेव्हा सभ्यतेचे मापदंड कोठे आहेत याचा पुरावा म्हणून हीच विधिमंडळे, हेच सार्वमत आणि याच चाचण्या पुढे आल्या. चार वर्षांपूर्वी चळवळीच्या हाती असलेले माप आता प्रतिपक्षाच्या हाती गेले होते. समर्थन त्यानंतरही चढतच राहिले आणि १९९४ मध्ये ८० टक्क्यांवर पोचले.

मार्शल यांनी ‘ग्रेग’मधील आपल्या विरोधी मतात आपल्या गृहीतकाला आधार म्हणून एका ताज्या अभ्यासाचा दाखला दिला होता. ऑस्टिन सॅरट आणि नील विडमार यांनी मॅसॅच्युसेट्समधील अ‍ॅमहर्स्ट गावात दोनशेहून थोड्या कमी प्रौढांना गटांत विभागून वेगवेगळे मजकूर वाचायला दिले आणि आधी-नंतर त्यांचे मत विचारले. शिक्षेची जरब बसत नाही, खर्च किती होतो यांसारखी व्यावहारिक माहिती वाचलेल्यांतील समर्थन घसरले. शिक्षा कशी दिली जाते याचे करुण वर्णन वाचलेल्यांवर त्या मानाने फारसा परिणाम झाला नाही, आणि ज्यांना अपराध्याला जशास तसे मिळावे एवढेच हवे होते ते जागचे हलले नाहीत. मार्शल यांचे म्हणणे बरेचसे खरे ठरल्यासारखे वाटले. पुढे मात्र चित्र अवघड होत गेले. १९७९ मध्ये स्टॅनफर्डच्या चार्ल्स लॉर्ड, ली रॉस व मार्क लेपर यांनी देहदंडाचे कट्टर समर्थक आणि कट्टर विरोधक अशा विद्यार्थ्यांना जरबेविषयीचे अनुकूल व प्रतिकूल असे दोन्ही अभ्यास वाचायला दिले, तर प्रत्येकाने आपल्या बाजूचा अभ्यास नीट झालेला आणि दुसरा सदोष मानला, व शेवटी दोन्ही गट एकमेकांपासून आणखी दूर गेले. अलाबामातील जॅक्सनव्हिल राज्य विद्यापीठात रॉबर्ट बोम यांनी तर देहदंडावर संपूर्ण सत्राचा अभ्यासक्रमच शिकवला. सत्र संपताना विद्यार्थ्यांचे समर्थन कमी झालेले आढळले, पण दोन-तीन वर्षांनी त्याच विद्यार्थ्यांना पुन्हा विचारल्यावर ते जवळजवळ मूळ पातळीला परत आले होते. चळवळीच्या प्रचारपत्रकांतून अ‍ॅमहर्स्टचा उल्लेख वारंवार येतो, जॅक्सनव्हिलचा सहसा येत नाही, आणि इतिहासकाराने हे नोंदवलेच पाहिजे.

माहितीने मत बदलत नसेल तर प्रश्न बदलून पाहावा, हा विचार १९८० च्या दशकात पुढे आला. ‘खुनासाठी देहदंड असावा का?’ या प्रश्नाला पर्यायच नसतो. नकार देणारा खुन्याला काही वर्षांत मोकळे सोडायला तयार आहे असा त्याचा अर्थ उत्तर देणाऱ्याच्या मनात होतो, कारण जन्मठेपेचा कैदी दहा-बारा वर्षांत पॅरोलवर, म्हणजे चांगल्या वर्तनाच्या अटीवर शिक्षा संपण्याआधी, बाहेर येतो अशी अमेरिकेत सार्वत्रिक समजूत होती. तेव्हा पॅरोलची शक्यता नसलेली आजन्म कैद, आणि तिच्या जोडीला तुरुंगातल्या श्रमातून मृताच्या कुटुंबाला भरपाई, असा स्पष्ट पर्याय देऊन विचारले तर काय होते? अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने १९८० च्या दशकाच्या मध्याला फ्लोरिडासारख्या राज्यांत अशा पाहण्या करून घेतल्या. फ्लोरिडा हे तेव्हा देहदंडात अग्रेसर असलेले राज्य. तेथे साध्या प्रश्नाला पाच जणांपैकी चारांहून अधिक होकार देत, पण पर्याय समोर ठेवला की त्यांतील पुष्कळ जण तो निवडत. समाजशास्त्रज्ञ विल्यम बॉवर्स यांनी न्यूयॉर्क, नेब्रास्का आदी राज्यांतील अशा निष्कर्षांवर १९९३ मध्ये सविस्तर लेख लिहून असा सिद्धान्त मांडला की, लोक देहदंड स्वीकारतात, त्याला पसंती देत नाहीत, आणि न्यायालयाने स्वीकारालाच पसंती समजण्याची चूक केली आहे. त्याच वर्षी ‘डेथ पेनल्टी इन्फर्मेशन सेंटर’ या संस्थेने देशव्यापी चाचणीचा अहवाल प्रसिद्ध केला. तिच्यात साध्या प्रश्नाला ७७ टक्क्यांचा होकार होता; भरपाईसह आजन्म कैदेचा पर्याय दिल्यावर देहदंड निवडणारे ४१ टक्के आणि पर्याय निवडणारे ४४ टक्के निघाले. डेमोक्रॅटिक व रिपब्लिकन अशा दोन्ही पक्षांसाठी काम करणाऱ्या चाचणी संस्थांकडून ही पाहणी मुद्दाम एकत्रितपणे करवून घेतली होती, म्हणजे आकड्यांवर एकाच पक्षाचा रंग असल्याचा आरोप होऊ नये.

या पद्धतीवर आक्षेप घेतले गेले ते निराधार नव्हते. भरपाईचा तुकडा जोडल्याने पर्याय आकर्षक होतो, मात्र तुरुंगातल्या मजुरीतून किती भरपाई होणार हे प्रश्नात नसते. चार शिक्षा ओळीने मांडून त्यांतील एक निवडायला सांगितली की एरवी पक्के असलेले मतही विभागते. आणि चाचणीचा खर्च करणाऱ्या संघटनेला कोणते उत्तर हवे आहे हे उघड असते. तरीही मूळ निरीक्षण टिकले, कारण गॅलप यांची संस्था स्वतःही १९८५ पासून अधूनमधून देहदंड की आजन्म कैद असा साधा, भरपाईविना दुहेरी प्रश्न विचारू लागली होती. १९८५ मध्ये त्यात देहदंडाला ५६ व आजन्म कैदेला ३४ टक्के मते पडली, आणि २०१९ पर्यंत प्रमाण उलटून आजन्म कैदेला ६०, देहदंडाला ३६ टक्के झाली.

चाचण्यांचा न्यायालयीन उपयोग खऱ्या अर्थाने फळाला आला तो मात्र या व्यापक प्रश्नावर नव्हे, एका अरुंद प्रश्नावर. बौद्धिक अक्षमता असलेल्या, म्हणजे समज व आकलन लहान मुलाच्या पातळीवर राहिलेल्या अपराध्यांना देहदंड द्यावा का, हा तो प्रश्न. जून १९८६ मध्ये जॉर्जियात अशा एका कैद्याला विजेच्या खुर्चीत बसवल्यावर जो क्षोभ झाला त्यानंतर त्या राज्यात घेतलेल्या चाचणीत ६६ टक्के लोक अशा शिक्षेच्या विरोधात निघाले. १९८८ मध्ये जॉर्जियाच्या विधिमंडळाने तिला मनाई केली. टेक्सासमध्ये १९८८ च्या चाचणीत ८६ टक्के लोक देहदंडाचे समर्थक होते आणि तरीही ७३ टक्क्यांना तो बौद्धिक अक्षमता असलेल्यांना देणे नामंजूर होते; फ्लोरिडात हे प्रमाण ७१ टक्के होते. हे सगळे आकडे १९८९ मध्ये ‘पेन्री विरुद्ध लायनॉ’ या टेक्सासच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवले गेले. कैद्याची शिक्षा ज्यूरीला दिलेल्या सूचनांतील दोषामुळे रद्द झाली, पण घटनात्मक मनाई करायला न्यायालयाने नकार दिला. न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी चाचण्या फेटाळल्या नाहीत. त्यांतून व्यक्त होणारी भावना पुढेमागे कायद्यांच्या रूपाने उमटू शकेल, आणि न्यायालयाला विसंबता येईल असा वस्तुनिष्ठ पुरावा म्हणजे ते कायदे, असे त्यांनी लिहिले. त्या वेळी अशी मनाई केलेली, देहदंड असणारी राज्ये दोनच होती, जॉर्जिया आणि मेरीलँड.

ओकॉनर यांचे कायद्यांविषयीचे वाक्य चळवळीने कृतिकार्यक्रमासारखे वाचले. चाचणी न्यायालयात नेण्याऐवजी आधी राज्याच्या विधिमंडळात न्यायची, देहदंडाच्या समर्थक आमदाराला त्याचेच मतदार या एका बाबतीत काय म्हणतात ते दाखवायचे, कायदा करून घ्यायचा आणि मग कायद्यांची बेरीज घेऊन न्यायालयाकडे परतायचे, असा तेरा वर्षांचा क्रम चालला. बौद्धिक अक्षमतेच्या क्षेत्रात काम करणाऱ्या व्यावसायिकांची संघटना आणि पालकांच्या संस्था यात पुढे होत्या, ज्यांचा देहदंडाच्या सर्वसाधारण वादाशी एरवी संबंध नसे, आणि कदाचित म्हणूनच त्यांचे बोलणे ऐकले गेले. २००२ पर्यंत अशी मनाई करणारी राज्ये १८ झाली. टेक्सासच्या विधिमंडळानेही २००१ मध्ये विधेयक मंजूर केले होते, ते राज्यपालांनी अडवले. जून २००२ मध्ये ‘ॲटकिन्स विरुद्ध व्हर्जिनिया’ खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालयाने ‘पेन्री’चा निर्णय फिरवला. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी मुख्य भर कायद्यांवर ठेवला, पण एकविसाव्या तळटीपेत, कायद्यांना दुजोरा म्हणून, वरील व्यावसायिक संघटनेने जमवलेल्या सुमारे वीस राज्यस्तरीय व राष्ट्रीय चाचण्यांचा उल्लेख केला.

त्या एका तळटीपेवर रेनक्विस्ट यांनी, जे आता सरन्यायाधीश होते, स्वतंत्र विरोधी मत लिहिले आणि त्या चाचण्यांचा तक्ताच परिशिष्ट म्हणून जोडला. त्यांचे प्रश्न संख्याशास्त्रज्ञाला शोभतील असे होते. नमुना कोणत्या लोकसंख्येतून काढला? उत्तर न देणारे किती होते? प्रश्न पूर्वपरीक्षा करून तपासले होते का? कोणी, कोणाच्या खर्चाने, कोणत्या शब्दांत विचारले? बहुतेक चाचण्यांच्या बाबतीत निकालपत्रापुढे आकडाच तेवढा होता, तो कसा काढला याची माहिती नव्हती; असा आकडा खालच्या न्यायालयात साधा पुरावा म्हणूनही मान्य झाला नसता, मग घटनेचा अर्थ लावायला तो कसा चालतो? त्यांची टीका मर्मावर बोट ठेवणारी होती हे मान्य करावे लागते, जरी तिचा रोख एकाच बाजूच्या आकड्यांकडे असला तरी. ‘ग्रेग’मध्ये देहदंडाच्या बाजूचे आकडे स्वीकारताना ही काटेकोर चिकित्सा कोणी केली नव्हती.

अरुंद प्रश्नावर मिळालेले यश व्यापक प्रश्नावर मिळाले नाही. कॅलिफोर्नियात २०१२ मध्ये देहदंडाऐवजी पॅरोलविना आजन्म कैद आणणारा प्रस्ताव सार्वमताला आला; त्याआधी वर्षभर राज्यातील फील्ड पोलमध्ये या दोहोंतून आजन्म कैद निवडणारे अधिक निघाले होते आणि मोहिमेने खर्चबचतीचा मुद्दा त्यावरच उभा केला होता. प्रस्ताव ४८ विरुद्ध ५२ असा पडला. चार वर्षांनी तसाच दुसरा प्रस्ताव आणखी मोठ्या फरकाने पडला, आणि त्याच दिवशी नेब्रास्काच्या मतदारांनी आपल्या विधिमंडळाने आदल्या वर्षी केलेली बंदी उलटवली, ज्या नेब्रास्कातील पाहणी बॉवर्स यांनी पुराव्यादाखल दिली होती. चाचणीत पर्याय निवडणारा माणूस मतपेटीपुढे तोच पर्याय निवडील असे नाही, कारण मधल्या काळात प्रतिपक्षही आपला प्रश्न विचारून गेलेला असतो.

हेच साधन सरकारही वापरू शकते, याचे ठळक उदाहरण जपान आहे. तेथील मंत्रिमंडळ कार्यालय ठरावीक वर्षांनी पाहणी करते आणि तिच्यातील प्रचंड बहुमत हेच देहदंड चालू ठेवण्याचे समर्थन म्हणून दिले जाते. ‘काही बाबतींत देहदंड अपरिहार्य आहे’ आणि ‘कोणत्याही परिस्थितीत तो रद्द करावा’ असे विषम पर्याय दीर्घकाळ दिले जात, आणि २००९ मध्ये पहिल्याकडे ८५.६ टक्के गेले. २०१४ मध्ये शब्दरचना थोडी सुधारल्यावरही ८०.३ टक्के समर्थक राहिले, पण त्यांतील ४०.५ टक्के लोक परिस्थिती बदलल्यास भविष्यात शिक्षा रद्द व्हायला हरकत नाही असे म्हणाले. माई साटो यांच्यासारख्या अभ्यासकांनी या उपप्रश्नावरच बोट ठेवले. मलेशियात तर गुन्हेगारीशास्त्रज्ञ रॉजर हूड यांनी २०१३ मधील आपल्या पाहणीत मत विचारून झाल्यावर प्रत्यक्ष खटल्यांसारखे प्रसंग लोकांपुढे मांडले. खुनाला सक्तीचा देहदंड हवा म्हणणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी त्यातील प्रत्येक प्रसंगात तो दिला. दहा वर्षांनी मलेशियाच्या संसदेने देहदंडाची सक्ती काढून टाकली आणि शिक्षा न्यायाधीशाच्या विवेकावर सोपवली.

भारतात जनमताचा प्रश्न वेगळ्या वाटेने गेला. विधी आयोगाने १९६७ च्या पस्तिसाव्या अहवालासाठी लोकांचे मत मागवले होते, पण ते प्रश्नावली पाठवून, आणि उत्तरे देणारे बहुतांशी राज्य सरकारे, न्यायाधीश, वकील, लोकप्रतिनिधी असे जाणते लोक. त्यांतील बहुमत देहदंड ठेवण्याच्या बाजूचे होते आणि आयोगाचीही शिफारस तशीच झाली. १९८० च्या ‘बचन सिंग’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने ‘फर्मन’ व ‘ग्रेग’ यांची चर्चा केली, देहदंड घटनात्मक ठरवला, तो ‘विरळातील विरळ’ प्रकरणांपुरता राखला, आणि न्यायाधीशांनी लोकमताचे प्रवक्ते होऊ नये असा इशाराही दिला. तीन वर्षांनी ‘मच्छी सिंग’ निकालाने समाजाच्या सामूहिक सदसद्विवेकाला बसलेल्या धक्क्याची भाषा आणली, जी मोजायला कोणतेही माप नव्हते, तरी पुढे कित्येक फाशींच्या निकालांत ती आली. महाराष्ट्रातील एका अपहरण व खुनाच्या प्रकरणात, ‘संतोषकुमार बरियार विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या २००९ च्या निकालात, न्यायमूर्ती एस. बी. सिन्हा यांच्या खंडपीठाने या भाषेला आवर घातला: लोकांना गुन्ह्याविषयी काय वाटते ही ना गुन्ह्याशी संबंधित वस्तुनिष्ठ परिस्थिती, ना गुन्हेगाराशी, आणि न्यायालयांचे काम कधी कधी बहुमताच्या विरुद्ध उभे राहण्याचेच असते. मुंबई उच्च न्यायालयात दीर्घकाळ न्यायमूर्ती राहिलेले अ. प्र. शहा अध्यक्ष असलेल्या विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात दहशतवादी कृत्ये व देशाविरुद्ध युद्ध एवढे सोडून देहदंड रद्द करण्याची शिफारस केली, तेव्हाही त्यासाठी लोकांचा कौल आवश्यक मानला नाही.

म्हणून येथील अभ्यासकांनी लोकांऐवजी न्यायाधीशांनाच प्रश्न विचारले. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ६० माजी न्यायमूर्तींच्या मुलाखतींवर आधारित पाहणी प्रसिद्ध केली. पोलीस कोठडीतील छळ, रचलेला पुरावा, चुकीने दोषी ठरवली गेलेली माणसे, गरीब आरोपीला मिळणारा निकृष्ट बचाव, या सर्वांची कबुली त्यांतील बहुतेकांनी स्वतःहून दिली. ‘विरळातील विरळ’चा अर्थ काय यावर त्यांचे एकमत नव्हते. मार्शल यांना अभिप्रेत असलेला, सर्व काही ठाऊक असणारा नागरिक याहून जवळचा कोठे मिळणार? तरीही त्यांच्यांत देहदंड असावा म्हणणारे नसावा म्हणणाऱ्यांहून अधिक निघाले.